चारच्या ओळीतलं नाव

गुड फ्रायडेनंतरचा मंगळवार, दुपार. नाशिक, शरणपूर रोडजवळचा आमचा तळमजल्याचा फ्लॅट. हजर: मी आणि अंथरुणाला खिळलेले माझे पती. तिसरं कोणी नव्हतं, हे आधीच लिहून ठेवते.

चर्चमध्ये कुणी दर्शनाची साक्ष द्यायला उभं राहिलं की मी घड्याळ बघते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता.

यांना अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. त्याचा तक्ता मी भिंतीवर लावलाय — वेळ, कूस, कोणी बदलली. शेवटच्या रकान्यात दीड वर्ष एकच नाव... माझं. दीर पेठला, नणंद इगतपुरीला. दोघांचंही फोनवर एकच, "वहिनी, प्रार्थना करतोय." करा बाबा!

त्या दिवशी दोनला उजवी कूस दिली आणि लगेच यांनी चादर ओली केली. सकाळपासून तिसऱ्यांदा. माझं डोकंच फिरलं. चादर तशीच ठेवली, पिशवीत दोन साड्या कोंबल्या, "औषध आणते" म्हटलं आणि बाहेरून कुलूप लावून निघाले. बहिणीकडे, पुण्याला. कायमची.

द्वारका चौकात पुण्याच्या तीन गाड्या सोडल्या. "तू एकदा हात लावून बघ, मग कळेल," असं येशूला म्हणत होते. प्रार्थना नव्हती ती, भांडण होतं. शेवटी चारचं चुकलं, निदान सहाचं तरी, म्हणून परत आले.

कुलूप जसंच्या तसं. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. आत हे डाव्या कुशीवर, खाली कोरडी चादर. ओली बादलीत भिजत घातलेली.

"कोण आलं होतं?"

यांचं बोलणं अडखळतं. "तो... आला होता."

"तो कोण? किल्ली माझ्याकडे आहे!"

"म्हणाला... तिच्यावर रागावू नको. दमलीय ती." आणि मग, "पुण्याची पिशवी... ठेव आता खाली."

पुण्याचं मी यांना बोललेच नव्हते.

वरच्या मजल्यावर विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "प्रभूच आला, ताई. क्रुसाच्या आदल्या रात्री त्या बागेत त्यालाही सगळं नको झालं होतं. त्याला कळतं."

"मग रोज का नाही येत? सहाला, आठला?"

त्यांनी चहा संपवला आणि प्रार्थनेसाठी हात जोडले.

निघून जावंसं अजूनही वाटतं, आठवड्यातून दोनदा तरी. पण पिशवीला हात लागला की तेच आठवतं... दमलीय ती. दीड वर्षात हे मला कुणीच म्हटलं नव्हतं. मग मी चादर बदलायला घेते.

खुलासा माझ्याकडे नाही. तो तक्ता अजून भिंतीवर आहे. त्या मंगळवारच्या ओळीत मी चार वाजले लिहिलंय, डावी कूस लिहिलीय. 'कोणी' तेवढं भरायचं राहिलंय.