मामेसासरे शाळा जुंपून बघतात

या जगात जेवढा राग आहे, त्यातला निम्मा एकट्या माझ्या मामेसासऱ्यांच्या वाट्याला आला आहे आणि उरलेला निम्मा त्यांच्यामुळे मला येतो. मी नंदुरबारला वीज खात्यात नोकरी करतो, म्हणजे शिव्या खाण्याची मला सवय आहे. पण माझ्या बायकोचे हे मामा चिडतात तेव्हा वीज गेलेली अख्खी आळीसुद्धा त्यांच्यापुढे सौम्य वाटते. त्यांना चहा गार मिळाला तर राग येतो, आणि गरम मिळाला तर जीभ भाजली म्हणून राग येतो. त्यांच्या गावाजवळ कोरीटच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत ते उभे असले आणि गाडी वेळेवर आली, तर त्यांचा चेहरा पडतो, कारण उशीर होणार हे धरून कंडक्टरला काय काय सुनवायचं ते मनात तयार झालेलं असतं. मग ते तिकीट काढता काढता मागच्या आठवड्यातल्या उशिराबद्दल त्याला झाडतात. मोबाइल कानाला न लावता हातभर लांब धरून त्याच्यावर ओरडतात. पलीकडच्या माणसाला ते फोनशिवायही ऐकू जात असणार, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आयुष्यभर त्यांनी बैलांचा व्यापार केला. नंदुरबारच्या बैलबाजारापासून गुजरातच्या हद्दीपर्यंत त्यांचं नाव होतं. जुंपून बघितल्याशिवाय त्यांनी कधी बैल घेतला नाही, आणि हा नियम त्यांनी बैलांपुरता ठेवला नाही. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा सगळ्यांचे पोहे खाऊन झाल्यावर या गृहस्थांनी मला उठवून अंगणात दोन फेऱ्या चालायला लावलं. मी नव्या पँटीत, कडक इस्त्रीत, भर उन्हात चाललो. हे ओट्यावरून डोळे बारीक करून बघत होते. शेवटी सगळ्यांदेखत निकाल दिला, "पोऱ्या चालस बरा, पन मान खाले घालस. जुवाले चाली जाई." म्हणजे जू ओढायला मी चालण्यासारखा होतो. बायको अजून हे वाक्य आठवून हसते. मला हसू येत नाही.

पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले, गोठ्यात नुसत्या दावणी उरल्या. मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत लागला. घरात मामा, सून आणि सहा वर्षांची नात भाविका. या भाविकावर मामांनी आजवर एकदाही आवाज चढवलेला नाही. ती त्यांना बाबा म्हणते, त्यांच्या टोपीत चिंचोके ठेवते आणि ते तीच टोपी घालून गावभर हिंडतात. तिचा शाळेचा विषय निघाला तेव्हा मीच पुढाकार घेतला. खासगी शाळांत काही जागा गरिबांच्या मुलांसाठी राखून ठेवतात, त्यांची फी सरकार शाळेला देतं, अशी ती योजना. मी ऑनलाइन अर्ज भरला, सोडत निघाली आणि गावाबाहेर रस्त्यावर नव्याने उघडलेल्या इंग्रजी शाळेत भाविकाचा नंबर लागला. मला वाटलं, आता तरी मामा मला चांगलं म्हणतील. ते म्हणाले, "पयले देखीसन येऊत."

देखीसन म्हणजे जुंपून. ते थेट पहिलीच्या वर्गात शिरले आणि पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले. मिस घाबरून इंग्रजी कविता दोनदा म्हणून गेली. मामांनी भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, संडासाचं दार लावून पाहिलं आणि शेवटी संस्थाचालकांच्या खोलीत गेले. त्या माणसाने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. मामांच्या हाताला आयुष्यभराची सवय. त्यांनी झटक्यात खांद्यावरचा रुमाल त्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं दाबून बाजारातल्यासारखा भाव करायला सुरुवात केली. संस्थाचालक विजेचा झटका बसल्यासारखे मागे सरकले. "अहो, तुमची फी सरकार देणार आहे, सौदा कसला करताय?" मामा शांतपणे म्हणाले, "फुकटना माल बी दात देखीसनच लेवाना ऱ्हास." मी भिंतीवरच्या नकाशात सातपुडा शोधत उभा राहिलो.

पहिले काही महिने बरे गेले. भाविका इंग्रजीत रंगांची नावं सांगायला लागली आणि मामा निळ्या रंगाच्या गोष्टी मुद्दाम बोट दाखवून विचारायला लागले. मग दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिने जेवता जेवता विचारलं, "बाबा, मी सरकारनी पोर शे का?" मामांचा घास हातातच राहिला. हळूहळू सगळं बाहेर आलं. सरकारकडून शाळेचे पैसे येईनात, म्हणून सोडतीतल्या पोरांना बाकांवरून उठवून वर्गाच्या मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसवलं होतं. त्यांना पुस्तकं नाहीत, स्नेहसंमेलनातल्या नाचात घेतलेलं नाही. शाळेत त्यांचं नावच पडलं होतं, सरकारची पोरं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा मामांचा राग कमी वाटला. मला विचाराल तर अशा ठिकाणी माणसाने चिडावंच. एकीकडे सरकार, जे पैसे देतो म्हणून जाहिरात करतं आणि देत नाही. दुसरीकडे हा संस्थाचालक, जो सरकारची उधारी सहा वर्षांच्या पोरीकडून वसूल करतो. सरकारच्या दारात जाऊन ओरडायची त्याची हिंमत नाही, म्हणून याने बाक काढून घेतला. मामा दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी गेले, सगळ्या पालकांसमोर संस्थाचालकांपुढे उभे राहिले आणि गरजले, "दात घासीसन म्हातारा बैल तरना म्हनीसन इकनारा बी तुन्हापेक्षा बरा!" बैलबाजारात याहून मोठी शिवी नाही. मग नातीला खांद्यावर घेऊन घरी आले आणि जाहीर केलं की आता शाळा घरीच भरेल.

मी म्हटलं, "मामा, गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे घालू." तर नाही. ही सोडतीतली जागा, पोरीच्या हक्काची, एकदा सोडली की परत मिळत नाही; ती सोडायची नाही. मग तिथे पाठवायची का? तर तेही नाही. "जागा बी मन्ही, पोर बी मन्ही, पैसा बी तिन्हा नावना. तो मन्हा हातमा द्या, मी घर शिकाडसू." हे वाक्य त्यांना इतकं पटलं की ते मला रजा टाकायला लावून शिक्षण विभागात घेऊन गेले. तिथला बाबू सज्जन होता. त्याने समजावलं की पैसे फक्त शाळेच्या खात्यात जातात, पालकाला घरी शिकवण्यासाठी द्यायची तरतूदच नाही. मामांनी विचारलं, मग शाळेच्या खात्यात गेले का? बाबू म्हणाला, वरून आले नाहीत. "त्याले देत नही, मले देत नही, मंग मन्ही पोरना पैसा शेत तरी कोठे?" बाबूने पंख्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. पंखा बंद होता, आणि वीज खात्याचा माणूस म्हणून त्याबद्दलचं बोलणंही माझ्याच अंगावर येणार होतं. निघताना बाबू हलक्या आवाजात एवढंच म्हणाला, "बाबा, मुलगी फार दिवस गैरहजर राहिली तर जागा रिकामी दाखवतील. बघा."

तरीही गोठ्यात शाळा सुरू झाली. मामांनी चुना मारला, एका भिंतीवर काळा रंग फासून फळा केला. सुनेने मराठी शिकवायचं, मी रविवारी येऊन गणित आणि इंग्रजी, आणि मामांनी व्यवहार. व्यवहार म्हणजे बैलाचं वय दातांवरून ओळखणं, शिंगांचे प्रकार आणि रुमालाखालची बोटं. मी वजाबाकी काढली की ते चिडायचे, "आते कोठे पोर जोडाले शिकनी, लगेच घटाडाले लावतस?" एका रविवारी मी तिला उष्ट्या भाकरीचे तुकडे करून अर्धा आणि पाव समजावत होतो, तर मास्तर अन्नाशी खेळतो म्हणून मला गोठ्याबाहेर काढलं. भाविका भराभर शिकत होती, हे खरं. घरी शिकूनही पोर हुशार होते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मामा तर फुलून गेले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते तिची परीक्षा घ्यायला लावायचे आणि येणाऱ्याला उत्तर तपासता आलं नाही की त्याच्यावर ओरडायचे.

असाच एक रविवार. दुपारी जेवून आम्ही दोघं गोठ्याकडे निघालो, तर आतून आवाज आला. मामांनी मला हाताने थांबवलं. भाविका दावणीकडे तोंड करून, हातात पट्टी घेऊन उभी होती आणि हजेरी घेत होती. एकेक नाव पुकारायची आणि "प्रेझेंट, मिस" हे उत्तरही स्वतःच द्यायची, प्रत्येकाच्या वेगळ्या आवाजात. कुणाचा आवाज बारीक, कुणाचा घोगरा, एकाला तर तिने खोकलाही लावला होता. रिकाम्या दावणीशी अख्खा वर्ग बसला होता. मग तिने स्वतःचं नाव घेतलं. "ॲबसेंट," तिने सांगितलं, आणि मिससारख्या आवाजात वर्गाला विचारलं, "का येत नाही ती? कुणाला माहीत आहे का?" वर्गातल्या कुणाच्याही आवाजात तिने याचं उत्तर दिलं नाही.

मी मामांकडे पाहिलं. आता स्फोट होणार म्हणून मी अंग चोरून उभा होतो. ते पाय न वाजवता मागे फिरले. चिडायच्या जागी न चिडलेले मामा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली.

सोमवारी त्यांच्याच सांगण्यावरून मी त्यांना आणि भाविकाला मोटरसायकलवर बसवून शाळेत घेऊन गेलो. फाटकाशी पालकांची गर्दी होती. संस्थाचालक बाहेर आले आणि म्हणाले, "चार माणसांत बोललात, आता चार माणसांतच माघार घ्या." ज्या माणसाने ठरलेला सौदा उभ्या जन्मात मोडला नव्हता, त्याने डोक्यावरची टोपी काढली. चिंचोके खाली पडून घरंगळत गेले. "चुकनं मन्हं. पोरले बठू द्या." मी मध्ये पडलो, विचारलं की निदान आता बाकावर तरी बसवाल ना. उत्तर आलं, अनुदान आलं की बघू. मी काही बोलणार तेवढ्यात मामांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोलताच आलं नाही. भाविका तोवर आत पळाली होती. मामा तिच्या वर्गाच्या खिडकीशी जाऊन थोडा वेळ उभे राहिले आणि मग चला म्हणाले.

परतताना मी गाडी चालवत एकटाच बडबडत होतो. त्या संस्थाचालकाला शिव्या, सरकारला शिव्या, ऑनलाइन अर्ज भरला म्हणून स्वतःला शिव्या. ज्याची चूक तो खुर्चीत बसतो आणि ज्याचं काहीच चुकलं नाही तो टोपी काढतो, हे कुठलं शिक्षण? वळणावर उसाच्या ट्रॅक्टरने आम्हाला जवळजवळ खड्ड्यात घातलं. मागून मामांची शिवी येईल म्हणून मी वाट पाहिली. ती आली नाही, तेव्हा मीच त्यांच्या वतीने ओरडलो, आणि माझा आवाज मलाच उसना वाटला.

घराशी उतरल्यावर ते गोठ्याच्या दाराशी टेकले. म्हातारे दिसत होते. मी गाडी वळवत होतो, तेव्हा ते म्हणाले, "जवाई, त्या सतरंजीवर पोरे दाटीवाटीमा बठेल व्हतात. पन इतला दिन भाविकानी जागा पोरेस्नी धरी ठेयेल व्हती. दप्तर ठेईसन." मी गाडी बंद केली. माझा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण त्यांच्या शेजारी जाऊन मी तसाच बराच वेळ बसून राहिलो, आणि आतून सुनेने आणलेला गार चहा आम्ही दोघांनी पिऊन टाकला.