उमरेडचा काठ आणि घरचा डबा

एका गिऱ्हाईक बाईने पहिल्या धुण्यातली साडी काउंटरवर उलगडली. काठ जिथे अंगाला मिळतो, तिथली वीण सुटली होती. मी साडी बदलून दिली आणि उमरेडला जायचं ठरवलं.

महाल भागात आमचं हातमागाच्या साड्यांचं दुकान आहे. हे होते तोवर माल निवडायला हेच उमरेडला जात. हे गेल्यापासून ते काम दुकानातले जुने दिलीपभाऊ करतात. माणूस सचोटीचा. पण मध्यंतरी त्यांच्या मुलीचं जमलं, तेही आमच्याच उमरेडच्या विणकराच्या, केशवरावांच्या, मुलाशी. ती साडीही त्यांच्याच मागावरची. पेढे मीही खाल्ले. पुढे वाचनालयातल्या एका व्यापाराच्या पुस्तकात वाचलं, की घेणाऱ्या-देणाऱ्यात नातं जुळलं तर ते उघड करावं आणि निवड तिसऱ्या माणसाकडे द्यावी. उघड तर होतंच. तिसरा माणूस कुठून आणायचा, ते पुस्तकात नव्हतं.

सकाळी दिलीपभाऊंना सोबत घेऊन गणेशपेठहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, तासाभराहून थोडा जास्त प्रवास. रस्ता चांगला आहे, पण कोळशाचे ट्रक सोबत असतात. खिडकीशी बसणार असाल तर पांढरं नेसू नका. पिशवीत डबा होता, वांग्याची भाजी आणि पोळ्या. हेही माल पाहायला जाताना घरचाच डबा नेत. म्हणायचे, समोरच्याचं आधी जेवलं की नंतर त्याच्या साडीतली खोट दिसत नाही.

"वहिनी, तुमी काहून तरास घेता? मी पाहतोच ना," दिलीपभाऊ म्हणाले.

"तुमी पाहता. मलेही पाहू द्या एकदा."

त्यानंतर ते उमरेडपर्यंत ट्रकच पाहत राहिले.

स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागा, नाहीतर डोळ्यांतून पाणी निघतं. केशवरावांचं घर तिथून चालत जाण्याजोगं आहे. माग पुढच्याच खोलीत. दाराच्या उजेडात सूत चमकत होतं. मला तिथेच बसून नुसता धोटा पाहत राहावंसं वाटलं.

केशवरावांनी साड्या पसरल्या आणि होणाऱ्या व्याह्यांना विचारलं, "सांगा इवाई, कशा हायेत?"

"झकास," दिलीपभाऊ मागाकडे पाहत म्हणाले.

मी एक साडी दारातल्या उन्हात धरली. काठाच्या कडेने ऊन आरपार येत होतं.

"इथं सैल आहे," मी म्हणाले.

बोलून गेल्यावर लक्षात आलं. मुलीकडच्यांनी मुलाच्या बापाची वस्तू नापसंत करायची, हे आपल्यात होत नाही. केलीच, तर ती पुढे पोरीला भोवते. आणि दिलीपभाऊंना मीच इथवर सोबत आणलं होतं.

केशवरावांनी काठावरून बोट फिरवलं. "मले वाटलंच. शेठ असते त इथंच फेकली असती. आता सगळंच झकास. कोनी बोलन नाही त मानूस सुधारन कसा?"

"माह्या पोरीचे सासरे होनार तुमी," दिलीपभाऊ खाली पाहत म्हणाले. "मी कसा बोलू?"

"मंग अशा मालावर तिचं घर चालन का?"

मी दोघांच्या मधे पडले. यापुढे केशवरावांचा माल मी पाहीन, बाकी विणकरांचा दिलीपभाऊ पाहतील. दिलीपभाऊंनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. केशवराव म्हणाले, "चालन. पन फेकताना नेम धरा बाई, त्या कोपऱ्यात पान्याचा माठ हाय."

तिकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगते, साडी उन्हं असताना घ्या आणि दारात धरून पाहा. विणकराला राग येत नाही.

काम झालं, म्हणून मी डबा उघडला. केशवरावांच्या बायकोने, कमलाबाईंनी, तो सरळ स्वतःकडे ओढला आणि माझ्यापुढे भाकर-झुणक्याचं ताट ठेवलं.

"असंच असते वं बाई आमच्या इथं. माल पाहून झाला की शेठ आमचं जेवत, आमी तुमचा डबा खाऊ."

"घरी त कधी बोलले नाहीत."

कमलाबाईंनी वांग्याचा घास घेतला. "मीठ कमी हाय. तुमच्या हातचं नेहमी कमीच असते."

झुणका सुरेख होता. मी आणखी मागून घेतला.

घरी आल्यावर डबा घासला. उमरेडहून आले की हे रिकामा डबा मोरीत ठेवत म्हणायचे, "मीठ जरा कमी होतं." मी विचारायची, मग संपवला कसा? हे नुसते हसायचे.

डबा पालथा घातला आणि मिठाची बरणी फळीवरून काढून ओट्यावर पुढे ठेवली.