दुखण्याआधी स्नायूंचे ऐकणाऱ्या वत्सलाताई

डॉ. वत्सलाताईंना मी प्रथम पाहिले ते बुऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर. मी जवळच्याच निंबोला गावची, चारशे मीटर धावत असे. सराव संपवून बसले होते, तोच ताई शेजारी येऊन चक्क मातीत बसल्या. "बेटा, जरा पाय दे. ही पट्टी लावून बघू दे." फिजिक्सच्या प्राध्यापिकेने माझ्या धुळकट पायाला हात लावावा, याचाच मला संकोच वाटला.

ती पट्टी स्नायूंतले बारीक विद्युत संकेत टिपत असे. स्नायू थकू लागला की त्या संकेतांची लय मंदावते आणि खेळाडूला जाणवण्याआधीही ते फोनवर दिसू शकते, हे ताईंनी आम्हाला समजावले. या विषयाकडे त्या का वळल्या, हेही त्यांनी लपवले नाही. तरुणपणी त्या स्वतः धावत. आणखी एक फेरी मार, या आग्रहापायी मांडीचा स्नायू फाटला आणि धावणे कायमचे सुटले.

आमच्या उन्हाळ्यात घामाने पट्ट्या निसटत, फोनवरच्या रेषा वेड्यावाकड्या होत. बाहेरचे तज्ज्ञ प्रात्यक्षिक पाहायला आले असता नेमके तेच झाले. कुणीतरी आदल्या दिवशीचा आलेख दाखवण्याचे सुचवले. ताई सर्वांसमक्ष म्हणाल्या, "आज यंत्र चुकतंय. दुरुस्त झालं की बोलावते." मग तो सगळा उन्हाळा, पट्टी घामात टिकेपर्यंत, त्या मैदानावर उन्हात उभ्या राहिल्या.

राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली आणि माझ्या डाव्या मांडीची लय ढासळू लागली.

"या वेळी धावू नकोस," ताई म्हणाल्या.

"पण ताई, मला काहीच दुखत नाहीये!"

"दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल."

प्रशिक्षक भडकले. "मॅडम, रेस काय मशीन पळणार आहे?"

"नाही ना. म्हणूनच पळणारीला सांभाळतेय. बोल लावायचा तर मला लावा."

मी धावले नाही. संघात दुसरी मुलगी गेली. घरी येऊन मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी ताई स्कूटरने थेट आमच्या शेतात आल्या. वडील केळीचे घड वाहत होते. "पोरगी म्हणे दुखत नाही, मग कायले बसवली तिले?" त्यांनी रागानेच विचारले. ताईंनी वाद घातला नाही. वडिलांच्या हाताला पट्टी बांधली आणि घड उचलत राहायला सांगितले. थोड्या वेळाने विचारले, "भाऊ, हात थकला?"

"नाही बा."

"इथं तर थकलेला दिसतोय. आणखी उचला."

पुढचे काही घड उचलेपर्यंत वडिलांचा हात थरथरू लागला. ते खाली बसले. "मशीन तर सच बोलते, ताई."

"माझं चुकूही शकतं, भाऊ. पण पोरीचा पाय पणाला लावून मी ते तपासणार नाही."

त्यानंतर रोज सकाळी ताई माझ्यासाठी मैदानावर येत राहिल्या. जोर कधी लावायचा, विश्रांती कधी घ्यायची, हे त्यांनी मला नव्याने शिकवले. पुढच्या वर्षीच्या निवडीत मी धावले आणि संघात गेले. वडील काम टाकून पाहायला आले होते. मला शाबासकी देण्याआधी ते ताईंपुढे हात जोडून उभे राहिले.

ताई आता साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. निवृत्तीनंतर काय, असे परवा विचारले तर म्हणाल्या, "कॉलेज सुटलं, आता दिवसभर मैदान!" त्यांची तब्येत अशीच ठणठणीत राहो, त्यांना उदंड आयुष्य लाभो आणि बुऱ्हाणपूरच्या पोरींच्या आणखी कितीतरी शर्यती त्यांनी डोळे भरून पाहाव्यात.