चांद्या मेंढ्याचं कपाळ

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. जंगलात जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही. पण सकाळी आरशापुढे उभा राहिलो की आठवते ती एका मेंढ्याची चोरी. मी सातवी शिकून शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. लिहायची सवय पंचनाम्यापुरती. तेव्हा जसं घडलं तसं सांगतो. माणसांची नावं सांगणार नाही, मेंढ्याचं तेवढं सांगतो. त्याचं नाव चांद्या.

ठाणं वैनगंगेच्या काठचं होतं. हद्दीत काळी मेंढरं पाळणारी पाच-सहा गावं. ही मेंढी लहानखुरी, काटक आणि खुरापासून कानापर्यंत काळी. तिच्या लोकरीच्या घोंगडीला रंग द्यावा लागत नाही, म्हणून कळपात पांढरा केस चालत नाही. होळीच्या आधी आजूबाजूच्या तालुक्यांतले मेंढपाळ एका मैदानावर जमतात. बाया सूत कातायच्या चढाओढीला बसतात, गडी लोकर कातरायच्या. शेवटी मेंढ्यांचा नंबर निघतो. गुरांचा डॉक्टर आणि दोन म्हातारे पंच एकेका मेंढ्याचं तोंड उघडतात, कान उलटून पाहतात, लोकर बोटांनी फाकवतात. एक पांढरा केस सापडला की मेंढा रिंगणाबाहेर. मी तिथे बरीच वर्षं बंदोबस्त केला. निवडणुकीत भांडत नाहीत एवढे लोक तिथे भांडतात.

त्या वर्षी मेळाव्याला सतरा-अठरा दिवस राहिले असताना सकाळी एक म्हातारी ठाण्यात आली. दोन कोस पायी आली होती. मागे वीस पावलांवर तिचा नवरा, पांढरं पागोटं, हातात काठी, मान खाली. म्हातारीची फिर्याद अशी, की ती चार दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली होती, दोन दिवसांतच परत आली, तर गोठ्यातला मेंढा गायब. नवरा म्हणतो चरायला गेला तो परत आला नाही. ती म्हणाली, "चांद्या माह्या हाकेबाहेर जात नाई. त्याले कोणीतरी नेला हाय."

वर्णन विचारलं. वय पाच वर्षं, पूर्ण काळा, कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद. मी नवऱ्याला विचारलं, बरोबर आहे का. त्याने मान हलवली. सगळी फिर्याद लिहून होईपर्यंत तो गडी एक शब्द बोलला नाही. मी मनात म्हटलं, बायको अशी असेल तर कोण बोलेल. माणूस गप्प दिसला की पोलीस आपल्या सोयीचा अर्थ लावतो. तो माझा पहिला चुकलेला अंदाज.

तीन दिवसांनी खबर लागली. आठवडी बाजारात घोंगड्यांचा एक मुसलमान व्यापारी बसायचा. कातरणीच्या दिवसांत तो गावोगाव फिरायचा, त्यामुळे कोणाच्या दाराला कोणता मेंढा आहे हे त्याला आपल्या घरच्या भांड्यांसारखं ठाऊक. तो मला म्हणाला, "जमादार साहब, नदीपार एका दाराला नवा काला मेंढा बांधला हाय. एवढा मोठा जनावर मागच्या कातरणीला तिथं नव्हता."

आम्ही गेलो. घर निघालं म्हाताऱ्याच्या लहानपणच्या दोस्ताचं. दोघांनी मिळून मेंढरं चारली होती, एकमेकांच्या लग्नात नाचले होते. मेंढा दारात बांधलेला, मोठा, देखणा. पण कपाळ कोळशासारखं काळं. चांद नाही. दोस्त म्हणाला, बाजारातून आणला. कोणाकडून? आठवत नाही. पावती? हरवली. पुढे विचारलं तर तोंडाला कुलूप.

ओळख पटवायला मेंढा ठाण्यात आणला, पंच बोलावले, नवरा-बायकोला बोलावलं. म्हातारी दारातून आत आली आणि सरळ मेंढ्याकडे गेली. मेंढ्याने तिच्या पदरात तोंड खुपसलं. ती म्हणाली, हा माहा चांद्या. पंचांनी कपाळाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, ते मले माहीत नाई, पण हा चांद्या हाय.

मग मी नवऱ्याला विचारलं. तो मेंढ्याकडे पाहत म्हणाला, "हा आपला नाई. आपल्याले चांद होता."

म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं की मीच मान वळवली. आमचे मोठे साहेब हसून म्हणाले, आधी घरी ठरवून या दोघं. शिपाई हसले. दोस्त बाकावर बसून जमिनीकडे पाहत होता. म्हातारी त्याला जाता जाता म्हणाली, "माह्या घरच्या भाकरी खाल्ल्या तू. आता गोठाबी खाल्ला."

आता सांगा, तपासाचं काय करायचं? चाळीस वर्षांचा संसार, दोघंही मेंढरांत जन्मलेले. ती म्हणते आपला, तो म्हणतो नाही. साहेबांनी सांगितलं, मेळाव्याच्या आत सोक्षमोक्ष लावा. पुरावा निघाला तर दोस्तावर चोरीचं दोषारोपपत्र, नाही तर मेंढा परत. तोपर्यंत दोस्ताने रोज ठाण्यात हजेरी द्यायची आणि मेंढा मुद्देमाल म्हणून माझ्या क्वार्टरच्या मागे बांधायचा. मुद्देमाल कोठडीत दारूच्या कॅनी ठेवता येतात, मेंढा ठेवता येत नाही.

तेव्हा माझी घरवाली त्याला सांभाळू लागली. तुरीचं कुटार घालायची, भांडी घासताना त्याच्याशी बोलायची. म्हातारीही एक दिवसाआड यायची, चाऱ्याची पेंढी डोक्यावर घेऊन, आणि दोघी मागच्या अंगणात बसायच्या. तिथे माझ्या घरवालीला जे कळलं ते मला फिर्याद लिहिताना कळलं नव्हतं. चांद्या जन्मला तेव्हा त्याची माय मेली. कपाळावर पांढरं पाहून गावातले म्हणाले, हे पिल्लू कळपाच्या कामाचं नाही, खाटकाला द्या. म्हातारीने त्याला शेळीच्या दुधावर वाढवला. तिला लेकरू नव्हतं. मेंढा असा निघाला की तालुक्यात त्याच्या तोडीचा नाही. दर वर्षी ती त्याला मेळाव्याला न्यायची, आणि दर वर्षी रिंगणाच्या दारातून पंच परत पाठवायचे. भोंग्यावर बोलणारा म्हणायचा, बाई, तुमच्या मेंढ्याले टिकली कोणं लावली? लोक हसायचे. तीही हसायची. त्या दिवशी मात्र घरी येऊन जेवायची नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी घरवालीने मला मागे बोलावलं. मेंढ्याचं कपाळ तिने दोन बोटांनी फाकवून धरलं होतं. कपाळावर लोकर नसते, बारीक केस असतात. म्हणाली, खालच्या कातडीवर डाग पाहा. मी म्हटलं, मळ असेल. ती म्हणाली, "मळ नाई. तुमच्या मिशीले लावते तवा ओठावर लागते, तसा डाग हाय हा."

मिशीचं सांगायला हवं. माझी मिशी पस्तिशीतच पांढरी झाली. पांढऱ्या मिशीला गुंड भीत नाही असं मला वाटायचं. म्हणून दर दुसऱ्या रविवारी घरवाली वाटीत काळी पुडी कालवायची, माझ्या गळ्यात टॉवेल बांधायची आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने मिशी रंगवायची. "हलू नका, जमादार," एवढंच बोलायची. ठाण्यात कोणाला ठाऊक नव्हतं, असा माझा समज होता.

मी म्हटलं, आता पाण्याने धुऊन पाहू. ती म्हणाली, धुऊन जात नाही, तिला माहीत आहे. "आठ दिवसानं तुमच्या मिशीले काय होते? मुळातून पांढरं येते नं? मंग थांबा आठ दिवस."

थांबलो. रोज सकाळी हजेरीआधी मी मेंढ्याचं कपाळ पाहायचो. शिपायांना वाटलं जमादाराला मेंढ्याचा लळा लागला. मेळाव्याला तीन दिवस राहिले तेव्हा मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी रेघ आली, गोल, बरोबर रुपयाएवढ्या जागेत. गुरांच्या डॉक्टरला बोलावलं, पंच बोलावले, केस फाकवून पंचनामा केला. साहेबांनी मेंढ्याकडे पाहिलं, मग माझ्या मिशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अनुभवाचा तपास दिसतो, जमादार."

म्हातारी खरी ठरली. मग नवरा खोटा काऊन बोलला, हा प्रश्न उरला. मी त्यांच्या गावच्या किराणा दुकानात गेलो आणि विचारलं, महिन्याभरात केस काळे करायची पुडी कोणी नेली. दुकानदार हसत सुटला. पागोटेवाला म्हातारा तीन पुड्या घेऊन गेला, म्हणाला, आणि डोकं अजून कापसासारखंच आहे.

त्याला ठाण्यात बोलावलं. मी कोणाला मारून कबूल करून घेणारा नव्हतो असं नाही, तेवढा साधू मी नाही. पण त्याला मी व्हरांड्यात बसवून चहा दिला आणि तशीच एक पुडी त्याच्यापुढे ठेवली. त्याने पागोटं काढून मांडीवर घेतलं. मग बोलला.

चोरी झालीच नव्हती. बायको माहेरी गेली तेव्हा त्याने स्वतः चांद रंगवला आणि मेंढा नदीपार दोस्ताच्या हवाली केला. त्याच्या दाराचा चांद्या सगळे पंच ओळखतात, म्हणून दोस्ताच्या नावाने रिंगणात उतरवायचा, आणि पहिला नंबर जाहीर झाला की बायकोच्या हातात दोर द्यायचा. ती लवकर परत येईल आणि तडक ठाण्याची वाट धरेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ती रडत होती तेव्हा सांगायचं धैर्य झालं नाही, आणि लिहून झाल्यावर पोलिसांचं भेव वाटलं.

"पाच वर्षं ते उपाशी झोपली, साहेब," तो म्हणाला. "मेंढा म्हातारा होऊन राह्यला. म्हटलं एक डाव तरी तिनं पोटभर जेवावं."

मी विचारलं, दोस्ताला उद्या आरोपी करणार होतो, ते? तो म्हणाला, त्याले मी शपथ घातली होती.

ही कबुली माझ्याकडे लिहून भागणार नव्हती. मी त्याला उठवला आणि क्वार्टरच्या मागे नेला. म्हातारी तिथे माझ्या घरवालीबरोबर तूर निवडत होती. मी म्हटलं, हिला सांगा. त्याने उभ्यानेच सांगितलं, मेंढ्याकडे पाहत. म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं.

"चाळीस वर्षं झाली नं आपल्याले," ती म्हणाली. "मले नंबर कधी पाहिजे होता? त्याले आत घ्यावं एवढंच वाटे. असाच, चांदासकट. अन तुमी तोच झाकला."

ती उठली, ठाण्याच्या पुढच्या बाजूला गेली. दोस्त हजेरीच्या बाकावर बसला होता. तिने विचारलं, तू काऊन गप्प राह्यला? तो म्हणाला, वहिनी, तुमच्या घरातली गोष्ट, मी काऊन सांगू. ती म्हणाली, "तुमी दोघंबी मेंढरंच. एक खड्ड्यात गेलं का दुसरं मागं हायच." मग पदराने डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, संध्याकाळी जेवायले ये.

गैरसमजातून आलेली फिर्याद म्हणून 'क' समरी पाठवली, म्हणजे प्रकरण बंद केलं, आणि सुपूर्तनाम्यावर म्हातारीचा अंगठा घेऊन मेंढा तिच्या ताब्यात दिला.

मेळाव्याला ती चांद्याला घेऊन आली. कपाळ अर्धं काळं, मुळाशी पांढरं. नियम तो नियम, पंचांनी दारातूनच परत केला. भोंग्यावरचा हसला, लोकही हसले. दर वर्षी असं झालं की म्हातारा लांब जाऊन बिडी ओढत उभा राहायचा. त्या वर्षी तो तिच्या शेजारी आला आणि दोराचं दुसरं टोक त्याने धरलं. रिंगणाच्या बाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, शेवटचा नंबर निघेपर्यंत दोघं तिथेच उभे होते. परतताना दोघांनी माझ्या घरवालीने बांधून दिलेली शिदोरी झाडाखाली सोडली. म्हातारी जेवली. मी बंदोबस्तात होतो, पण पाहिलं.

त्या रविवारी माझ्या गळ्यात टॉवेल बांधताना घरवाली म्हणाली, मले तुमची पांढरी मिशीबी चालते, तुमालेच चालत नाई. मी म्हटलं, लाव मुकाट्यानं. तिने लावली. निवृत्तीनंतर वरोऱ्याला घर बांधलं, तिथेही लावत राहिली. गुंडांना भिववायचं कारण उरलं नव्हतं. पण रविवार होता, टॉवेल होता, तिचा हात होता. तिला काय पाहिजे हे मी तरी कुठे कधी विचारलं? आरोपीला शंभर प्रश्न विचारणारा माणूस मी. घरच्या माणसाला विचारायला हवं, एवढं त्या प्रकरणात शिकलो होतो, आणि तेवढंच केलं नाही.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. आदल्या रविवारी तिने मिशी लावून दिली होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक यायच्या आधी आरशात पाहिलं, तर मुळाशी पांढरी रेघ आली होती.

तेव्हापासून मिशीला कात्री लावू दिली नाही. वाढून ओठावर आली आहे, चहात बुडते. पोरगा ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून सुटीला येतो, म्हणतो, बाबा, बरं दिसत नाई, टोकं कापून टाका. मी म्हणतो, कापीन.

टोकं अजून काळी आहेत. ती तिच्या हातची आहेत.