वीतभर झालं की उठायचं

"अंगठा वर उचला," मी म्हणाले. वामनरावांच्या उजव्या पायाचा अंगठा जेमतेम हलला. दहा दिवसांपूर्वी हाच अंगठा माझ्या बोटाला रेटून वर येत होता. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढाच हलला.

मुलांनो, आजी या वयात लकडगंजच्या क्लिनिकला पेशंटना व्यायाम शिकवायला अजून का जाते, असं तुम्ही दोघं फोनवर विचारता. त्याचं उत्तर या अंगठ्यात आहे, म्हणून लिहिते.

वामनराव उमरेडचे विणकर. घरातच हातमाग. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. त्यांची एक चकती सरकून पायाकडे जाणारी नस दाबत होती. नस दाबली की पाय दुखतो, आणि हळूहळू त्याची ताकदही जाते. मागावर पायांखाली लाकडी पावड्या असतात. एक दाबायची, दुसरी सोडायची, तसे धागे वरखाली होतात आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. पाय उचलला नाही तर माग बंद. आणि वामनरावांना दुसरं काही करायचं नव्हतं.

सर्जनने दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. पाठीला नखाएवढी चीर, त्यातून बारीक नळी, नळीच्या टोकाला कॅमेरा. सरकलेला तुकडा तेवढ्या वाटेने बाहेर. भूल फक्त त्या जागेपुरती होती, वामनराव जागे होते. नंतर मला म्हणाले, "कोणी दाराची कडी काढावी तसं झालं जी. कळ एकदम गेली." दुसऱ्या दिवशी ते कॉरिडॉरमध्ये चालले. घरी जाताना मी त्यांना माझा छापील कागद दिला. बारा सूचना, नंबर घालून. त्या कागदाचा मला जरा अभिमान होता.

आणि आता हा अंगठा. वजन उचललं का? नाही. वाकलात का? नाही. खाली बसलात का?

"मांडी घालून एक दिवस नाही बसलो, मॅडम."

त्यांची बायको कमलाबाई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "कागद मागाजवळच चिकटवला आहे. मी रोज वाचून दाखवते यांले."

"मागाजवळ? तुम्ही मागावर बसता?"

"पाय खाली सोडून बसतो नं," वामनराव म्हणाले. "सातव्या नंबरवर तुम्हीच लिहिलं आहे."

लिहिलं होतं. 'मांडी घालू नये, पाय खाली सोडून बसावे.' माझ्या डोळ्यांसमोर खुर्ची होती. त्यांचा माग जमिनीत. समोर खड्डा, पावड्या त्या खड्ड्यात, विणकर काठावर बसून पाय आत सोडतो. त्यांनी माझं अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

सर्जन माझ्या मुलाच्या वयाचा आहे. त्याने लगेच MRI करायला सांगितला आणि मला बाजूला घेतलं. चकती परत सरकली असेल तर परत ऑपरेशन, आणि दुसऱ्या वेळी नस किती साथ देईल सांगता येत नाही, म्हणाला. मग फार नम्रपणे विचारलं, "मॅडम, इन्स्ट्रक्शन्स तुम्हीच देता ना?" तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

MRI मध्ये चकती जागेवर निघाली. नसेला नुसती सूज होती. औषध आणि विश्रांतीने उतरली असती, पण वामनराव परत त्याच काठावर बसणार होते. म्हणून रविवारी मी बसने उमरेडला गेले.

आधी त्यांना बसायला न लावता मी स्वतःच मागावर बसले. कमलाबाई म्हणाली, "मॅडम, बसाल तर बसाल, उठाल कशा?" प्रश्न बरोबर होता. पाय खाली होते खरे, पण बैठक इतकी बुटकी की पाठीची कमान झाली. प्रत्येक धाग्यामागे हात पुढे, मान खाली. पाच मिनिटांत माझी कंबर बोलायला लागली. मला दोघांनी ओढून काढलं.

बैठकीवर पाट ठेवला, पाटावर घडी केलेली गोधडी. बैठक चार बोटं उंच झाली, पाठ सरळ झाली. दीड महिन्याने सर्जनने हो म्हटलं की सुरुवात करायची, आणि दर वीस मिनिटांनी उठायचं, असं मी सांगितलं.

वामनराव हसले. "धोटा हाती असला की घड्याळ कोण पाहते, मॅडम?"

तेही खरं होतं. कमलाबाई आतून चहा घेऊन आली. "घड्याळ काहून पाहिजे? वीतभर कापड झालं की गुंडाळता नं? तेव्हाच उठा. कापड तर पाहताच."

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला हे सुचलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात वामनराव क्लिनिकला आले. अंगठा उचलायला सांगून मी बोटाने दाबला. "जोर लावा न मॅडम," ते म्हणाले. मी तळहाताने दाबला, तरी वर आला.

जाताना त्यांनी एक टॉवेल दिला, नव्या बैठकीवरचा पहिला. देताना जरा ओशाळले. माग थांबवून परत सुरू केला की कापडात बारीक आडवी रेघ पडू शकते. चांगला विणकर ती पडू देत नाही. या टॉवेलवर वीत-वीत अंतराने रेघा होत्या. "पाय अजून पुरता बसला नव्हता जी. पुढच्यात नाही दिसणार," म्हणाले.

सातवा नंबर मी कागदावरून खोडला आहे. आता तिथे लिहिलंय, 'कामाला कसे बसता ते इथे करून दाखवा.' परवा एका शिंप्याने दाखवलं, एका भाजीवालीने दाखवलं. मला बरंच शिकायला मिळतंय.

टॉवेल पार्सलने पाठवते आहे. वापरा, कपाटात ठेवू नका. त्यावरच्या रेघा पाहून आजीला डिफेक्टिव्ह माल मिळाला असं समजू नका. प्रत्येक रेघेपाशी वामनराव उठून दारापर्यंत चालून आले आहेत.