पिवळ्या पिशवीचा तपास

ती घटना मी विसरू म्हटले तरी घरचे विसरू देत नाहीत. पोलिसातल्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी बरेच तपास केले, पण हा तपास निवृत्तीनंतरचा, परमुलखातला आणि कोणी न सांगता अंगावर घेतलेला होता.

२०१४ सालचा ऑगस्ट. मी आणि सौ. तीन महिन्यांसाठी मुलीकडे जर्मनीत होतो, श्टुटगार्टच्या एका उपनगरात. जावई इंजिनिअर. त्यांच्या ऑफिसात बार्सिलोनाची एक बाई होती. तिच्या माहेरच्या मोहल्ल्यात उन्हाळ्यात सण असतो. गल्लीगल्लीतले रहिवासी वर्षभर खपून टाकाऊ वस्तूंतून आपली गल्ली सजवतात आणि मग कोणाची गल्ली सरस याची स्पर्धा लागते. तिने आम्हाला आग्रहाने बोलावले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला आवडेल, अगदी आपल्या गणपतीसारखं." मी पुण्यात वर्षानुवर्षे गणपतीचा बंदोबस्त केलेला माणूस. उत्सव म्हटले की मला पाय दुखलेले आठवतात. पण आमचे ऐकतो कोण.

त्या बाईचे एक काम आमच्याकडे होते. त्या वर्षी तिच्या गल्लीने बदामाची बाग करायचे ठरवले होते. मधल्या झाडाच्या पाकळ्या तिने जर्मनीत बसून, प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून आणि रंगवून तयार केल्या होत्या. अख्खा हिवाळा त्यात गेला होता. झाडाचा आराखडा तिच्या आईचा, आणि आईने ऐंशी ओलांडलेली. गल्लीच्या समितीतले काही जण म्हणत होते की परदेशात राहणारीला एवढे महत्त्वाचे झाड देऊ नये. आईने भांडून ते मिळवले होते. बाई आठवडाभर आधी विमानाने गेली आणि पाकळ्यांची पिशवी मोटारीने आणायची जबाबदारी आमच्यावर टाकून गेली.

पिशवी पिवळी होती. जर्मनीत प्लॅस्टिकच्या कचऱ्यासाठी पिवळ्या, पातळ पिशव्या फुकट मिळतात. बाईने सोय म्हणून त्यातलीच एक वापरली. येथेच गुन्ह्याची पायाभरणी झाली.

गुरुवारी पहाटे निघालो. जावई मोटार चालवत होते. नात मागे बसून तिच्या आईशी जर्मनमध्ये वाद घालत होती. वाटेत फ्रान्समध्ये मुक्काम केला आणि शुक्रवारी पोहोचलो. उकाडा असा की अंगातला शर्ट पिळून काढावा. मोहल्ल्यात गाडी नेता येत नाही, म्हणून सामान डोक्यावर घेऊन अर्धा तास चाललो. कोणी शिड्या रस्त्यात आडव्या टाकलेल्या, कोणी ढोल बडवतोय, दोरखंडांत पाय अडकतोय. एवढ्या गर्दीत एक हवालदार दिसला नाही. माझी चिडचिड व्हायला सुरुवात झाली होती.

खबर मिळाली ती शनिवारी सकाळी. मी कॉफी घेत होतो, तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. जाऊन पाहतो तो लांब टेबलाभोवती पंधरा-वीस माणसे, आणि टेबलावर पिवळ्या पिशवीतून ओतलेले दह्याचे रिकामे डबे. सौ. दह्याचा डबा धुतल्याशिवाय टाकत नाही, त्यामुळे ते लखलखीत होते. पाकळी एक नाही.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिची म्हातारी आई खुर्चीवर बसून नुसती डब्यांकडे बघत राहिली. समितीचा प्रमुख एक निवृत्त सुतार होता. तो हळू आवाजात काहीतरी बोलला. बाईने आम्हाला इंग्रजीत सांगितले, "ते म्हणतात, सोडून गेलेल्यांना सण आठवतो, काम आठवत नाही." मग ती आत निघून गेली. संध्याकाळपर्यंत सजावट पूर्ण करायची होती, रविवारी परीक्षक येणार होते.

मला राहवले नाही. मी चौकशी हातात घेतली. कोणी सोपवली नव्हती, तरी घेतली.

घटनाक्रम मला उघड दिसत होता. कचऱ्याची पिशवी मी दर पंधरवड्याला बुधवारी संध्याकाळी फाटकाबाहेर ठेवतो, हा माझा नेम. गुरुवारी पहाटे जावयांनी सामान खाली आणले, पाकळ्यांची पिशवी फाटकापाशी ठेवली आणि डिकीत भरताना शेजारची कचऱ्याची उचलली. सातच्या सुमारास कचऱ्याची गाडी आली आणि पाकळ्या घेऊन गेली. गल्लीतच सावलीला दोन खुर्च्या टाकल्या आणि जावयांना समोर बसवले.

"पिशवी गाडीत कोणी ठेवली?"

"मीच, बाबा. पण आल्झो, म्हणजे, पिशवी एकच होती. पॅसेजमध्ये."

"पॅसेजमध्ये की फाटकापाशी?"

"पॅसेजमध्ये, आय थिंक."

"थिंक नको. नीट आठवा. हातात आणखी काय होतं?"

"दोन बॅगा. आणि कूलबॉक्स."

"म्हणजे दोन्ही हात भरलेले. मग पिशवी कुठेतरी टेकवली असणार की नाही?"

"असेल बाबा."

"असेल की होती?"

मुलगी मध्ये बोलू लागली, तिला हाताने थांबवले. साक्षीदार एकत्र बसले की जबाब बिघडतात, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो आहे. तोच प्रश्न मी तीन वेळा तीन तऱ्हेने विचारला. तिसऱ्यांदा जावयांनी मान खाली घातली. "हो बाबा. माझ्याकडूनच झालं. फाटकापाशी ठेवली होती."

वीस मिनिटांत कबुली. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत पहिल्यांदा काही काम केल्यासारखे वाटले. मी त्यांना सुतारासमोर उभे केले. जावयांनी माफी मागितली, बाईची चूक नाही हे सांगितले. बाईने जावयांकडे असे पाहिले की मला दुसरीकडे बघावे लागले. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी माणसे ती.

प्रकरण कागदावर आल्याशिवाय मला झोप लागत नाही. ठाण्याच्या दैनंदिनीची सवय अशी हाडीमाशी मुरलेली की निवृत्तीनंतरही खिशात एक छोटी डायरी असते. घडेल ते वेळेसह टिपायचे. कबुली लिहून ठेवावी आणि निघण्याची वेळ ताडून पाहावी म्हणून पान उलटले. माझ्याच अक्षरात लिहिले होते: "बुधवार. सामान बांधण्यात रात्र झाली, कचरा राहिला. गुरुवार. ५.१० वा. दारालगतची पिवळी पिशवी फाटकाबाहेर ठेवली. ५.३० वा. प्रस्थान."

मुलीने पाकळ्या विसरायला नकोत म्हणून दाराला लागून ठेवल्या होत्या. पॅसेजमध्ये मागे उरला तो कचरा. जावयांनी उरलेली एकमेव पिशवी उचलली होती. ते पहिल्यापासून खरे बोलत होते.

दहा मिनिटे मी डायरी मिटून बसलो. घरच्यांखेरीज तिथे कोणाला मराठी वाचता येत नव्हते, पान फाडले असते तरी चालले असते. तसे मनात आले, हे कबूल करतो. मग उठलो. आधी सौ.ला दाखवले. तिने चष्मा न लावताच सांगितले, "अहो, मी पाहिलं होतं तुम्हाला पहाटे पिशवी घेऊन जाताना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चौकशीला बसल्यावर मध्ये बोललेलं तुम्हाला चालतं का? लेकीला काय केलंत आत्ता?"

बाईला आणि सुताराला मी स्वतः सांगितले. बाईने भाषांतर करताना दोनदा मला विचारले, नक्की असेच सांगू ना. सुताराने ऐकून घेतले आणि टेबलावरची कात्री माझ्या हातात दिली. दुपारभर आम्ही सगळे आणि शेजारची दहा-बारा माणसे दह्याचे डबे कापत बसलो. म्हातारीने माझ्या पहिल्या पाच पाकळ्या उचलून परत टाकल्या, जाड आहेत म्हणून. झाड अर्धेच फुलले, मागची बाजू बोडकीच राहिली. बक्षीस दुसऱ्या गल्लीला गेले. रविवारी रस्त्यातल्या पंगतीत सुताराने बाईला सांगितले की पुढच्या वर्षीही एक झाड तिचेच. तिची आई तेव्हा रडली. मला फार हायसे वाटले.

परतीच्या वाटेवर पेट्रोलपंपावर आम्ही दोघेच उभे असताना मी जावयांना विचारले, "तुम्ही केलं नव्हतंत, मग हो का म्हणालात?"

ते पंपाची नळी जागेवर अडकवून म्हणाले, "बाबा, आधी वाटलं की विषय मिटू दे. पण तिसऱ्यांदा विचारलंत ना, तेव्हा मला खरंच फाटकापाशी ठेवलेली पिशवी दिसायला लागली. अजूनही दिसते."

जावई शिकलेले, धीट, घरचेच. समोर सासरा, वर्दी नाही, कोठडी नाही, बाहेर ढोल वाजतायत. अशा माणसाला मी वीस मिनिटांत न केलेले केले म्हणायला लावले होते.

माझ्या उमेदीच्या काळात एका शाळेच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शक चोरीला गेला होता. शिपायावर संशय होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने कबुली दिली, नदीत टाकला म्हणाला. नदीत काही सापडले नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, त्यामुळे खटला उभा राहिला नाही, पण शाळेने त्याला काढून टाकले. एका बैठकीत कबुली मिळवली म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली होती. निरोप समारंभात मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि लोक हसले. मुद्देमाल का मिळाला नाही, हा प्रश्न मला त्या पेट्रोलपंपावर पहिल्यांदा पडला.

पुण्यात परतल्यावर त्याला शोधायचे ठरवले. शाळा बंद पडली होती, कागद नष्ट झाले होते. अशा आठवणींत नावे द्यायची नाहीत, हा शिरस्ता मी पाळत आलो आहे. पण त्या शिपायाच्या बाबतीत शिरस्त्याचा प्रश्नच नाही. मला त्याचे नाव आठवत नाही.