मथुराबाईंनी स्टुडिओत लावलेलं लग्न

अकरा मे, रविवार. माझ्या भाच्याच्या, निलेशच्या लग्नाची पातेली मी अंगणात घासत होते. निघालेले पाहुणे जाता जाता एकच विचारत होते: मथुराबाई पहिल्या पंगतीत बसून पुन्हा पुन्हा भात मागून जेवल्या, पण गायल्या का नाहीत?

कारण हे लग्न मथुराबाई दिवाळीतच लावून मोकळ्या झाल्या होत्या.

मथुराबाई अंजूरच्या धवळारीण. आमच्या आगरी लग्नात नवरा-नवरीची नावं घालून धवळे गाते ती धवळारीण. वय सत्तरीच्या पुढे आणि आवाज असा, की गोदामाशी कंटेनर मागे घेणारा ड्रायव्हर दचकून ब्रेक दाबायचा. चहा बशीत ओतूनच द्यावा लागे. कपात दिला तर म्हणत, "मी काय हापिसात आलीय?"

निलेशचा भिवंडीत, लूम बंद पडलेल्या एका खोलीत, रेकॉर्डिंगचा स्टुडिओ. त्याला मथुराबाईंचा पहिला अल्बम काढायचा होता. त्यानं भिंतींना गाद्या ठोकल्या, माइक लावला, बाईंना खुर्चीत बसवलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"नवरा कुठं हाय?"

"काकी, नुसतं रेकॉर्डिंग आहे. नवरा लागत नाही."

"लगीन न्हाय तर धवला न्हाय. रिकामा गायला तर तो हिंडत बसतो, कोनाच्या बी घरात शिरतो."

अर्धा दिवस असाच गेला. शेवटी निलेशच पाटावर बसला, कानांवर हेडफोन आणि गालांना हळद. नवरीचं नाव विचारल्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं, "सुप्रिया. कशेळीची."

"पोरगी राजी हाय?"

"हो हो, काकी. गा आता."

या सुप्रियाशी तो तोवर एकदाच बोलला होता. पेट्रोल पंपावर, हवा भरायचं मशीन चालू आहे का, एवढंच.

अल्बम तुफान चालला. मानकोलीपासून कशेळीपर्यंत प्रत्येक हळदीला तोच. पाटावर कुणीही बसलेलं असो, स्पीकर लग्न लावायचे निलेश आणि सुप्रियाचं. निलेश कुठल्याही मांडवात शिरला की बाया विचारायच्या, "सासरची काय खबर?" एकीनं तर त्याच्या हातात पाळण्याला बांधायचं खेळणं ठेवलं.

हसणं थांबलं ते सुप्रियाला आलेलं स्थळ परत गेलं तेव्हा. मुलाची आई म्हणाली, "हिच्या लग्नात आम्हीच नाचलोय की." सुप्रियाचे वडील दामूशेठ तडक मथुराबाईंच्या दारात आले. मी तिथंच बसले होते.

"काकी, हे लगीन मोडा. सोडचिठ्ठी पायजे."

"मना लावायचं शिकवलंय. मोडायचं गानं न्हाय." मग त्या थांबल्या. "पोरगी राजी नव्हती?"

"तिला ठाऊक बी नव्हतं!"

मथुराबाईंचा चेहरा उतरला. नाखूश पोरीच्या लग्नात त्यांना भरल्या पंगतीतून उठून येताना मी पाहिलं आहे. त्यांनी निलेशला बोलावून घेतलं, कान धरला आणि रिक्षात घातलं. मी आणि दामूशेठ मागोमाग.

कशेळीला सुप्रिया ओट्यावर मासळी साफ करत होती. शेजारच्या मांडवात अल्बम चालूच होता.

"पोरी, तुजी मर्जी नसेल तर आजपासून मी तोंड उघडत न्हाय. अल्बम बी बंद. बोल."

सुप्रियानं हात धुतले. "आजी, इतके महिने माझंच लग्न ऐकतेय. पण यानं मला विचारलंय कुठं? आधी विचारू दे."

दिवसभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करणाऱ्या निलेशचा आवाजच फुटेना. स्पीकरमधल्या मथुराबाई कडवं संपवून थांबल्या, तेव्हा कुठं तो म्हणाला, "चालेल का?"

"विचार करून सांगते."

विचाराला तिनं पंधरवडा घेतला. तेवढे दिवस मथुराबाई एकाही मांडवात गेल्या नाहीत. आमंत्रणं आली, परत गेली. होकार आल्यावर त्यांनी स्वतः बशीत चहा ओतून मला दिला. पण लग्नात गायला साफ नकार. "एका जोडप्याचं लगीन दोनदा लावत न्हाय मी. स्पीकर लावा." स्वतःचं गाणं त्यांनी भात कालवत नीट ऐकलं आणि मत दिलं, "बाई गाते बरी, पन श्वास लई मोठ्यानं घेते."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या दिराचं नाव घेऊन त्यांच्याकडे गेले. चाळिशी आली तरी बिनलग्नाचा आहे. दारात आधीच बायकांची रांग. दुसऱ्या अल्बमात प्रत्येकीला आपल्या मुलाचं नाव घालायचं होतं. मथुराबाई उंबऱ्यात बसून एकेकीला परत पाठवत होत्या.

"नवरी कोन?" मला विचारलं.

"ती नंतर बघू, काकी."

"मंग तिला घेऊन ये. तिच्याच तोंडून आयकते."

मी घरी आले आणि दिराला आधी दाढी करायला लावली.